सुकवलेली जखम

आईच्या नडगीवर उकळतं पाणी सांडलं त्याला सात आठवडे झाले. मी दोन आठवड्यांच्या रजेवर आले होते आणि अजून याच दोन खोल्यांत येरझारा घालत होते.

दर तीन दिवसांनी ड्रेसिंगला सिस्टर यायच्या. जखमेवर पारदर्शक कागद धरून पेनाने तिची कड गिरवायच्या, मग हायड्रोजेलची गार, बुळबुळीत पट्टी लावून जायच्या. आधी तो आकार दर खेपेला लहान व्हायचा. गेल्या चार कागदांवर मात्र तो जागचा हलला नव्हता. इकडे त्याच सुमारास माझ्या ऑफिसचं पत्र आलेलं: महिनाअखेरच्या सोमवारी हजर नाही, तर नोकरी नाही. त्या रेघेच्या आत आईची जखम कमी आणि मीच जास्त कोंडले गेले होते.

या खेपेला पट्टी काढताना सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"जेल वाळून कडक झालंय. नवी कातडी सोबत निघाली बघा. घरात कुणी उघडतं का हे?"

आई छताकडे बघत राहिली. घरात माणसं दोन, त्यातली एक मी.

दुसऱ्या दिवशी औषधं आणायला म्हणून निघाले आणि जिन्यातूनच परत फिरले. आतून घरघर येत होती. पट्टीचं टोक उचलून आई माझ्याच हेअर ड्रायरने जखम सुकवत होती. दात आवळलेले, डोळ्यांत पाणी.

माझं डोकंच फिरलं. "मला अडकवून ठेवायचंय ना? मग तोंडाने सांग की! पाय कशाला सडवतेस?"

तिने दचकून ड्रायर बंद केला.

"अगं, ओली जखम कधी भरते का? सुकली की खपली धरते. तुझं पत्र आल्यापासून रोज थोडी थोडी सुकवतेय. म्हटलं, सोमवारच्या आत तू सुटशील एकदाची."

ओलाव्यातच नवी कातडी धरते, हे सिस्टरनी पहिल्याच दिवशी मला समजावलं होतं. मी मान डोलावली होती. आईला सांगायचं राहूनच गेलं. तिच्याशी मी बोलायचे ते फक्त सोमवारबद्दल. आत्ता कुठे ते तिला सांगितलं.

"आता गं?" तिने विचारलं.

"आता अजून तीन आठवडे."

"मग तू जा. मी बघते माझं."

मी पट्टीचं टोक नीट दाबून बसवलं. तिचा राग येईना, हीच पंचाईत झाली. राग असता तर सोमवारी निघता आलं असतं.