अकरावं काम आधी

मी फ्रिजचा खोका बोलतोय. होय, रिकामाच! पण हसू नका. माझ्या हातून जे एक मोठं काम झालं, ते मी रिकामा होतो म्हणूनच झालं.

जुन्या वह्या आणि रद्दी पाकिटांच्या लगद्यातून माझा जन्म झाला. पोटात फ्रिज घेऊन मी या इमारतीत आलो. तिसऱ्या मजल्यावर जायचं होतं, पण माझ्यासकट फ्रिज जिन्यात वळेना. मग मला खालीच सोलून काढलं. फ्रिज उभा करून वर नेला आणि मला जिन्याखाली सायकलीमागे कोंबलं. चार महिने मी तिथे धूळ खात होतो. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गप्पा मात्र फुकट ऐकायला मिळायच्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या आई खिडकीपाशी मशीन ठेवून शिवणकाम करायच्या. न्हाणीघरात पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डावा पाय काही दिवस वाकवायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. रविवारी रुग्णालयातून सुट्टी मिळणार होती. घरी नेणं जमलं नाही तर शहराबाहेरच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागणार होतं. आईंचा एकच धोशा होता, "मला माझ्या खिडकीपाशी न्या. दुसरीकडे कुठे टाकू नका."

मग मुलं तयारीला लागली. थोरली पोस्टात कामाला, त्यामुळे यादी केल्याशिवाय तिचं पान हलत नसे. पहिलं काम रंग, दुसरं पडदे, तिसरं पलंग, चौथं गादी... आणि अकरावं, "आईला वर आणणे". भिंत पिस्ता रंगाची की मोतिया, यावर तिचं आणि धाकट्याचं जिन्यातून येताजाता दोन दिवस वाजलं. माणसं सोप्या कामावर भांडण्यात किती रमतात, हे मी तेव्हा पाहिलं.

गुरुवारी संध्याकाळी रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरकाका घरी जाता जाता पत्ता बघून घ्यायला आले. जिना बघून त्यांनी मान हलवली.

"ताई, स्ट्रेचर वळेल का इथे? करून बघितलंय?"

"वळेल की! फ्रिज नाही का गेला वर?" धाकटा म्हणाला.

"फ्रिज उभा गेला, दादा. आईंना उभं करणार का?"

थोरली यादी चाळू लागली. काकांनी तिच्या हातातली यादी घेऊन वाचली. "हे अकरावं फसलं, तर वरची दहा कुणासाठी? हेच आधी करून बघा."

रविवारपर्यंत गाडी मोकळी नव्हती, म्हणून स्ट्रेचरही नव्हता. तेवढ्यात काकांची नजर माझ्यावर पडली. मला ओढून बाहेर काढलं, एक बाजू कापली, स्ट्रेचरच्या मापाला दुमडून सुतळीने बांधलं आणि खाली आईंची कापड बेतायची फळी घातली. धाकटा आई होऊन माझ्यात झोपला. काका पुढे, थोरलीचे यजमान मागे.

पहिलं वळण कसंबसं पार पडलं. दुसऱ्यावर मी भिंत आणि कठड्यात अडकलो. "तिरका करा, तिरका करा!" म्हणता म्हणता धाकटा घसरला आणि कोपर सोलवटून पायरीवर आपटला. मी जीव खाऊन धरायला बघत होतो, पण पुठ्ठ्याला हात कुठले?

कुणी हसलं नाही. थोरली पायरीवरच बसली आणि रडू लागली. "यात आई असती तर?"

काका तिच्याशेजारी बसले. "नव्हती ना? म्हणून तर खोका वापरला. अजून दोन दिवस आहेत, ताई."

शुक्रवारी डॉक्टरांना विचारलं. पाय सरळ राहिला तर बसवून नेलं तरी चालेल, म्हणाले. मग स्वयंपाकघरातली खुर्ची आली आणि माझी लांब बाजू दुमडून, पायाखाली आधार म्हणून खुर्चीला जोडलेल्या फळीवर बांधली. धाकटा पुन्हा आई झाला. यावेळी फक्त त्याचा सरळ पाय कठड्याला अडत होता, तोही वीतभर. थोरलीचे यजमान फिटर. शेजाऱ्यांना विचारून त्यांनी कठड्याचे दोन गज तेवढ्यापुरते काढले. तिसऱ्या खेपेला खुर्ची अलगद वळली. माझा जीव भांड्यात पडला!

रविवारी त्या खुर्चीत खऱ्या आई बसल्या. पायाखाली उशी, उशीखाली मी. वळणावर सगळे एकेक पायरी मोजून चढत होते आणि आई म्हणाल्या, "अगं, इतकं हळू कशाला? माझा चहा निवेल वरती."

वर एकच भिंत रंगली होती, तीही अर्धी. पडदे नव्हतेच. आईंचं तिकडे लक्षही गेलं नाही. खिडकीबाहेर बघत त्या बराच वेळ बसल्या. मग सगळी हकीकत ऐकून त्यांनी माझ्या फाटक्या कडेवरून हात फिरवला.

"म्हणजे आधी जुन्या कापडावर बेतून बघितलंत म्हणा की! शहाणी गं माझी पोरं."

मला कुणी शहाणा म्हटलं नाही, पण तो हात मला पुरला. ज्यांनी मला रद्दीत घातलं नाही, माझ्यात झोपून कोपर फोडून घेतलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. तुमच्याही जिन्याखाली माझा एखादा भाऊबंद असेल. रंगाचा डबा उघडण्याआधी त्याला एकदा हाक मारा, एवढंच मागणं.

आता मी पलंगामागे उभा असतो. आई काठी धरून खोलीभर चालतात. काल थोरलीने नवी यादी केली. धाकटा मला उचलून भंगारात द्यायला निघाला, तशी ती ओरडली, "ठेव तो खाली! अजून काम आहे त्याचं."

यादीतलं पहिलंच काम मला इथून दिसतंय, "आईला बागेत नेणे. आधी जिना उतरून बघणे."