भोंग्याच्या पोटातला आवाज

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना भोंगा आहे, हातगाडीवरचा, आन् मले राग लवकर येते. कोणी माह्यावर ओली पिशवी ठेवली का राग येते, उन्हात टाकून दिलं का राग येते. पण करतो काय? मले हात नाहीत आन् स्वतःचा आवाज भी नाही. जो आवाज कोणी माह्यात भरला, तोच मी काढतो. म्हणून आज मनातल्या मनात बोलून राहिलो. तुम्ही ऐका.

मी कोणत्या कारखान्यात बनलो ते मले आठवत नाही. आठवते ते जरीपटक्याच्या बाजारातलं दुकान. तिथं आम्ही दहा-बारा भोंगे दोरीले उलटे टांगून होतो, वटवाघळासारखे. एक दिवस शालिकराम आला. तो संत्र्याची गाडी लावे. गळा असा का हाक मारली तं तीन गल्ल्या पलीकडची बाई टोपलं घेऊन खाली उतरे. खरं पाहता त्याले भोंग्याची गरजच नव्हती. पण त्याची बायको मैनाबाई म्हणे का दिवसभर ओरडून तुम्ही घरी मुके होऊन येता, माह्याशी दोन शब्द बोलत नाही. तिच्यासाठी त्यानं मले घेतलं.

घरी आल्यावर त्यानं लाल बटन दाबलं आन् एका दमात बोलला, "संत्री घ्या, संत्री. काटोलची संत्री, पातळ सालीची, रसाची." मधातच शेजारची बकरी टोपल्यात तोंड घालाले आली, तं तो तिले "हट, हट" म्हणाला. तेही भरल्या गेलं. मैनाबाई हासली, तिचं हासणं भी शेवटी जरासं आलं. पुन्हा भरू म्हणता म्हणता राहूनच गेलं. मनीषनगरातले पोट्टे माह्या मागं "हट, हट" करत पळाचे आन् शालिकराम खोटा खोटा तराजू उगारे. ते माहे चांगले दिवस होते.

आता माह्या पोटातली गोष्ट. आत एक चपटा सेल आहे, चार्जिंग होणारा, तुमच्या मोबाईलात असते तसाच. सगळ्या भोंग्याचं मले माहीत नाही, पण माह्यात भरलेला आवाज त्या सेलच्याच जोरावर टिकते. वाजणं बंद पडलं तरी सेलच्या तळाशी घोटभर जोर उरते. तेवढ्यावर आवाज तग धरून राहते. तो घोट भी आटला का आवाज पुसला. मंग मी नुसता डब्बा.

घरात हे कोणाले माहीत नव्हतं. मे महिन्याच्या दुपारी मले गाडीच्या तापल्या पत्र्यावर ठेवत. सेल आतून पोळून निघे. घरी आलो का तसाच गरम गरम चार्जिंगले लावत आन् सकाळपर्यंत विसरून जात. सोबतचा चार्जर हरवला, तं कुठल्या तरी जाड्या चार्जरची पिन कोंबली. मले असा राग येई का वाटे, आता फुटून दाखवू यांले. पण मित्रांनो, रागात एक गोष्ट मी भी विसरून गेलो होतो. त्यांले कोणी सांगितलंच नव्हतं.

मंग शालिकरामच्या गळ्यात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कागद समोर ठेवला, त्यानं सही केली. जीव वाचते ना, मंग झालं, असं त्याले वाटलं. आवाजाची पेटीच काढा लागणार आहे, हे त्यानं ना विचारलं ना त्याच्या ध्यानात आलं. तो घरी आला तेव्हा गळ्याले भोक होतं, त्यावर मलमलचा रुमाल होता, आन् हातात लहानशी पाटी होती. काही सांगाचं असलं का तो पाटीवर लिहे.

चार महिन्यानं गाडी पुन्हा निघाली. आता गाडी मैनाबाई ढकले आन् तो बाजूनं चाले. तिले ओरडणं जमत नव्हतं, म्हणून तिनं माहं बटन दाबलं. शालिकरामचा आवाज निघाला. तो जागच्या जागी थांबला. मैनाबाईनं विचारलं का बंद करू काय. त्यानं मान हालवून नाही म्हटलं, आन् रस्ताभर मान खाली घालून ऐकत राहिला.

त्या दिवसापासून या घरात शालिकरामचा आवाज म्हणजे मी. दुसरीकडं तो कुठंच नव्हता. ना कोणत्या मोबाईलात, ना कोणत्या लग्नाच्या सीडीत.

पण तोवर सेल थकला होता. दुपारपर्यंतच मी गळून जाऊ लागलो. मंग मैनाबाईनं मधुकररावले विचारलं. मधुकरराव म्हणजे गल्लीतला रेडिओवाला म्हातारा. त्यानं चाळीस वर्षं रेडिओ आन् टॉर्च दुरुस्त केल्या. त्याच्या शब्दाले गल्लीत कोणी काटत नव्हतं. तो म्हणाला का सेल आळशी झाला आहे, दर रविवारी त्याले पुरा उतरवा, एक थेंब ठेवू नका, मंगच भरा. त्याच्या जमान्यातल्या सेलले हे औषध खरंच लागू पडे. माह्या सेलले ते विष होतं.

रविवार आला. मले ओट्यावर ठेवून चालू करून दिलं. काटोलची संत्री, हट हट, मैनाबाईचं हासणं, पुन्हा काटोलची संत्री. संध्याकाळपर्यंत आवाज घोगरा होत होत बंद पडला. तळाच्या घोटभरावर मी आवाज धरून बसलो. मंग चार्जिंगले लावलं तेव्हा कुठं जिवात जीव आला. असे तीन रविवार मी काठावरून वापस आलो. चौथ्या रविवारी वापस येता आलं नाही. चार्जर लावला तं सेलनं काही घेतलंच नाही, उलटा फुगला. माही पाठ वर आली, दोन स्क्रू ढिले झाले. आत फक्त तो घोट उरला होता.

मधुकरराव पेचकस आन् पकड घेऊन आला. "जयभीम, शालिकराम," म्हणत ओट्यावर बसला. म्हणाला का सेल मेला आहे, काढून फेकतो, दुसरा टाकतो. त्यानं माह्या पाठीचं झाकण उघडलं. सेलची लाल तार पकडीत धरली. मी आतून जेवढा ओरडलो तेवढा आयुष्यात नाही ओरडलो. पण आवाज निघे तेव्हा ना.

तेवढ्यात शालिकरामनं पकडीवर हात ठेवला.

"हात काढ गा," मधुकरराव म्हणाला, "दोन मिनिटाचं काम आहे."

शालिकरामनं पाटी ओढली आन् लिहिलं, "कापाच्या आधी विचारू."

मधुकररावनं वाचलं. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर तोच बसून होता. त्यानं पकड खाली ठेवली आन् बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

मंग तिघंही मले घेऊन जरीपटक्याले गेले, भैरवीकडं. ही पोरगी मोबाईल दुरुस्त करते. मधुकरराव रस्ताभर फुगून होता, माह्या सेलसारखाच. भैरवीनं मले उघडलं, डोळ्याले भिंग लावून आत पाहिलं आन् विचारलं का आवाज कोणाचा भरला आहे. मैनाबाईनं नवऱ्याकडं बोट दाखवलं. भैरवीनं त्याचा रुमाल पाहिला, पाटी पाहिली, आन् तिचा हात हळू झाला.

"काकू, हा सेल सुटला का आवाज पुसला," ती म्हणाली. "मोबाईलात उतरवून घ्यावं म्हटलं, तं वाजवाएवढा दमच नाही याच्यात. वाजवला का बसन."

मैनाबाई स्टूलावर बसली. शालिकरामनं पाटीचं टोक घट्ट धरलं.

"एक करता येते," भैरवी म्हणाली. "जुना सुटाच्या आधीच नवीन जोडाचा. पण मले तिसरा हात पाहिजे. काका, हात थरथरते का तुमचा?"

"केसाएवढ्या तारा जोडल्या मी," मधुकरराव म्हणाला. "तू तुह्या हाताचं पाहा."

भैरवीनं पुरा भरलेला सेल घेतला नाही. जुना रिकामा, नवीन भरलेला, तं एकदम लोंढा येईन म्हणे. मीटर लावून जुन्याच्या जोडीचा, जरासाच भरलेला सेल शोधला. मधुकररावनं चिमट्यात तार धरली.

"हलू नका, काका."

"मी हलून नाही राहिलो. तुहा पंखा हलवून राहिला."

पंखा बंद झाला. भैरवीच्या कपाळावरचा घाम नाकावर आला, तो मैनाबाईनं पदरानं टिपला. कथलाचा एक टाका पडला, दुसरा पडला. नवीन सेलचा थंडा जोर माह्यात आला, तहानल्या माणसाले कोणी ओंजळीनं पाणी पाजावं तसा. मंग भैरवीनं जुन्या सेलची तार कापली.

बटन दाबलं. मी बोललो. काटोलच्या संत्र्यापासून मैनाबाईच्या हासण्यापर्यंत सगळं जसंच्या तसं निघालं. भैरवीनं लागलाच आवाज मोबाईलात उतरवून घेतला, दोनदा. शालिकरामनं डोळे मिटून घेतले होते.

मधुकरराव म्हणाला, "सेल पुरा उतरवा म्हणून मीच सांगत होतो, शालिकराम. मीच तुहा आवाज मारला असता."

"जुन्या सेलले ते बराबर होतं, काका," भैरवी म्हणाली. "ही जात निराळी. उपाशी ठेवली का मरते, आन् ठूसून भरून ठेवली का झिजते."

शालिकरामनं मधुकररावचा चिमट्याचा हात आपल्या हातात घेतला.

तं मित्रांनो, तुमच्या मोबाईलात, टॉर्चात, खेळण्यात माह्यासारखाच एक सेल आहे. तो बोलत नाही. त्याले उन्हात तापू देऊ नका, तापला असन तं थंडा होऊ द्या, मंगच चार्जिंगले लावा. पुरा रिकामा होईपर्यंत ओढू नका, आन् भरला का पिन काढून घ्या. त्याले जमते तोच चार्जर लावा. महिना-दोन महिने काम नसलं तं अर्धा भरून थंड्या जागी ठेवा. आन् फुगला असन तं स्वतः छेडू नका, कचऱ्यात फेकू नका, भैरवीसारख्या जाणत्या माणसाकडं न्या. जाणता माणूस भी चुकते, म्हणून विचाराले लाजू नका.

आता माही देखभाल शालिकरामच करते. उन्हात मले पोत्याच्या सावलीत ठेवते. आवाज त्यानं अर्ध्यावर आणला आहे, कारण हळू वाजलं का सेल जास्त टिकते. पहिले मले वाटलं, गिऱ्हाईक तुटन. तसं झालं नाही. आता मी हळू बोलतो म्हणून लोकं ऐकाले गाडीच्या जवळ येतात. जवळ आले का शालिकराम मले बंद करते आन् नुसते ओठ हालवते, आन् त्याचं म्हणणं लोकांले समजते.