हलका हात

माझ्या ताईचा हात फार हलका आहे, असं मी दोन वर्षं ज्याला त्याला ऐकवत होते. स्टाफरूममध्ये, शेजारणीला, एकदा तर दातांच्या डॉक्टरांना. तोंडातली नळी निघाल्या निघाल्या मी त्यांना म्हटलं, "तुमच्यापेक्षा माझी बहीण बरी. सुई कधी जाते, कळतसुद्धा नाही!" बिचारे हसले.

मला हनुवटीवर केस येतात. दाढी म्हणावी तर कमी, लव म्हणावी तर जास्त. आणि ताईचं कामच केस काढायचं. घराच्या पुढच्या खोलीत तिचा उंच बेड, भिंगाचा दिवा आणि मशीन. केसाच्या मुळाशी बारीक सुई सरकवायची, पायाने पेडल दाबून क्षणभर करंट सोडायचा आणि मूळ मेलं की केस चिमट्याने उचलायचा. मेलेल्या मुळाला पुन्हा केस येत नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या बायका मला रस्त्यात भेटायच्या, गुळगुळीत हनुवटी घेऊन. माझे केस मात्र जाता जात नव्हते.

"तुझे हार्मोन्सच हट्टी. आईवर गेलीयेस," ताई म्हणायची.

मी साखर सोडली. रक्त तपासलं, गोळ्या घेतल्या, त्या गोळ्यांनी वजन वाढलं ते वेगळंच. मधल्या दिवसांत घरी चिमटा लावायचा नाही, अशी ताईची सक्त ताकीद होती, त्यामुळे आठवड्याचे शेवटचे दिवस मी गळ्यात स्कार्फ गुंडाळून, हनुवटीवर हात ठेवून शिकवत असे. शाळेच्या कार्यक्रमांचं निवेदन माझ्याकडे असायचं. माइकपाशी उजेड फार आणि पहिल्या रांगेतल्या पालकांचे डोळे तीक्ष्ण, म्हणून तेही सोडून दिलं. ज्या बाईकडे ते गेलं ती प्रत्येक वाक्यानंतर खोकते. असो.

शनिवारची दुपार तेवढी चांगली जायची. भावोजी गेल्यापासून ताई एकटी. तासभर ती माझे केस काढायची आणि आम्ही दोघी मिळून सगळ्या नातेवाइकांची उणीदुणी काढायचो.

लेकीच्या ओठावरची लव दाट व्हायला लागली तेव्हा तिला दुसरीकडे नेण्याचा विचारही माझ्या मनात आला नाही. चेहऱ्याचा प्रश्न. कच्च्या हाताने सुई चुकीची घातली किंवा करंट जास्त दिला तर खड्डे पडतात, डाग राहतात, आणि पोरगी जन्मभर आरशासमोर रडते. तिला घरच्याच माणसाकडे न्यायचं, हे माझं पक्कं होतं. लेक मात्र फोनवर सगळं वाचून तयार होऊन आलेली.

"आई, तुला चटका लागतो का?" वाटेत तिने विचारलं.

"छे. अजिबात नाही. तेच तर कौशल्य."

"आणि केस निघताना ओढल्यासारखं वाटतं?"

"केस काढायचा म्हणजे ओढणारच ना गं!"

"उलटं आहे," ती म्हणाली. "चटका थोडा लागायलाच हवा. आणि मग केस आपसूक बाहेर यायला हवा, ओढ न बसता. ओढ बसली तर समजायचं की नुसता उपटला."

"तुझा फोन मावशीपेक्षा शहाणा का?" मी तिला गप्प केलं. खरं तर मला राग आला होता. काल जन्मलेल्या पोरीने माझ्या बहिणीची परीक्षा घ्यावी!

ताईने तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि हातमोजे चढवले. पोरगी बेडवर चढेना. "मावशी, आधी आईवर करून दाखव ना. हातावर. मला दिसेल असं."

"एवढंच ना?" ताई खुशीत आली. कामाचं कौतुक करून घ्यायला तिला फार आवडतं. मी बेडवर बसले आणि हात पुढे केला. एरवी मी आडवी, डोळ्यांवर दिव्याचा उजेड, त्यामुळे तिचं काम मी कधी पाहिलंच नव्हतं. तिने दिवा जवळ ओढला, केस ज्या बाजूला झुकलेला त्याच बाजूने सुई सरकवली. ती गेलेली कळलीही नाही. मग खाली तिचा पाय हलला, टक्क आवाज झाला आणि माझ्या हातावर कुणी तापलेली टाचणी टेकवल्यासारखं झालं.

"आई गं!"

"एवढ्यानेच?" ताई हसली. "बायका तासभर सोसतात हे." तिने चिमट्याने केस उचलला. तो आपसूक आला.

मग तिचं हसू थांबलं. माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

"बायका सोसतात," मी म्हटलं. "मग मी का नाही सोसलं कधी?"

"तुझी कातडी नाजूक..."

"हातावरची नाही नाजूक?"

ताईने चिमटा ट्रेमध्ये ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. लेक दोघींकडे बघत होती.

"पहिल्याच दिवशी तू इथे आडवी पडलीस आणि म्हणालीस, लवकर संपव हं, मग शनिवारी मी पोहायला जाणार," ताई म्हणाली. "मला वाटलं, आजच्यापुरतं राहू दे. पेडल नाही दाबलं. पुढच्या शनिवारी तू परत आलीस. बरं वाटलं, छोटे."

"आणि मग दोन वर्षं माझे केस उपटत बसलीस?"

"सांगणार होते."

"माझे हार्मोन्स हट्टी! आईवर गेले मी! गोळ्या खाल्ल्या मी, ताई! लोकांसमोर उभं राहायचं सोडलं!" माझा आवाज फाटला. केसाने गळा कापणं म्हणतात ते याला. "ये म्हणाली असतीस तर आले नसते का मी?"

"दर शनिवारी?" तिने विचारलं.

दर शनिवारी नसतेच आले मी, आणि तिने ते ओळखलं याचाच जास्त संताप आला. यायचं की नाही, हे मी ठरवायला हवं होतं. तिने माझा चेहरा ओलीस ठेवला होता.

मी बेडवर आडवी झाले. "कर."

"छोटे, आज नको..."

"कर म्हणते ना. नीट. माझ्या लेकीसमोर."

टक्क. चटका. केस निघाला. टक्क. चटका. माझ्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि ताई ते पुसायला थांबत नव्हती. तिचेही डोळे भरले होते, पण बोटं जराही हलत नव्हती. एकदाही ओढ बसली नाही. सुई प्रत्येक वेळी नेमकी तिथेच, पाय नेमका तेवढाच वेळ. लेक वाकून पाहत होती.

"मावशी तर मस्त करते," ती हळूच म्हणाली.

करते. मी पाहिलेल्यांत सगळ्यात चांगलं करते. तिला येत नसतं, तर मी तिला माफ केलं असतं.