गोल ओव्हन आणि फणसाचे गरे

मी एक जुना, गोल ओव्हन आहे. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला. मित्रांनो, माझ्या अंगावरचे पोचे बघून हसू नका, माझेही दिवस होते.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. १९९८ साली सलिलने मला विकत घेतले आणि नव्याकोऱ्या कोकण रेल्वेने, मांडीवर बसवून, रत्नागिरीला आईवडिलांकडे आणले. त्याच्या आईने, उमाकाकूंनी, हळदकुंकू लावून माझी पूजा केली. सलिलने केलेल्या पहिल्याच केकचे शेजारच्या दमयंतीबाईंनी इतके कौतुक केले की मी अगदी शेफारून गेलो. पण नव्याचे नऊ दिवस! सलिलची रजा संपली, केक थांबले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. झुरळांनी माझ्या पोटात बिऱ्हाड केले. फार वाईट वाटे.

काही वर्षांनी काकांना, म्हणजे सलिलच्या वडिलांना, गोपाळकृष्णांना, हृदयाचा झटका आला. ते वाचले, पण डॉक्टरांनी तळणाला कायमची बंदी केली. फणसाच्या बागेत वाढलेला माणूस, त्याला उन्हाळ्यात तळलेले गरे नाहीत! काकूंनी घरात कढईच चढवली नाही. एरवी बडबडे काका दुपारचा चहा अर्धा टाकून उठू लागले. मग एक दिवस दमयंतीबाईंच्या पडवीत चोरून गरे खाताना काकूंना सापडले. काकू तडक घरी आल्या, माळ्याला शिडी लावली आणि मला खाली काढून घासू लागल्या.

"ह्यांना परत काही झालं तर मी काय करू रे?" एवढेच त्या माझ्याशी बोलल्या.

कच्च्या फणसाचे गरे त्यांनी उभे, पातळ चिरले, खोबरेलाचा हात लावला आणि माझ्यात पसरले. इथवर सगळे ठीक होते. पण हाताची सवय जाते कुठे? गरे तळताना शेवटी कढईत मिठाचे पाणी शिंपडतात. काकूंनी माझे झाकण उघडून तेच पाणी गऱ्यांवर शिंपडले. कढईत ते चुरचुरून उडून जाते, माझ्या पोटात मात्र वाफ कोंडली. गरे वातड झाले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण ओव्हनला कुठले तोंड!

काका एकेक गरा चघळत "बरे झालेत" म्हणत राहिले. काकूंनी एक तोंडात टाकला.

"खोटं कशाला बोलता? गुरांना घालायच्या लायकीचे झालेत."

"तू केलेस म्हणून खाल्ले गो."

दुसऱ्या दिवशी काकूंनी नवे काप फडक्यावर सुकवून घेतले. वाफ जायला माझे झाकण जरा किलकिले ठेवले आणि मीठ भुरभुरवले ते गरे बाहेर काढल्यावर. काकांनी पहिलाच गरा चावला आणि कुर्र असा आवाज झाला. मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.

काकांनी ताटली काकूंपुढे सरकवली. "आता तू खा."

"मला कशाला? मला कुठे पथ्य आहे?"

"नाही ना? मग माझ्यापायी तूही गरे सोडलेस, ते मला दिसत नाही होय?"

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि मूठभर गरे घेतले.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कुणी पडले असेल तर त्याला खाली काढा, पुसा, कामाला लावा. आणि घरात कुणाला पथ्य लागले, तर त्याच्याबरोबर मुकाट्याने आवडीचा घास सोडणारे कोण आहे तेही बघा. गरे झाले की पहिला गरा त्या घास सोडणाऱ्याच्या हातावर ठेवा.