हिमनदीच्या तळापर्यंत

हडपसरला, सोलापूर रस्त्यापासून थोडं आत, सत्यशीलाबाईंचं वर्कशॉप आहे. तिथं पूर्वी त्यांचा ऊस असायचा. गाव शहरात गेलं, नवरा अचानक वारला, आणि बाईंनी त्या रानात ट्रक धुण्याचं सेंटर काढलं. धुण्याची मशीन सारखी बिघडायची, म्हणून आधी दुरुस्ती शिकल्या आणि मग गरम पाण्याचा दाब देणारी मशीन स्वतःच बनवायला लागल्या. मुलगा ऋषी खराडीच्या एका कंपनीत लागला. त्याला ग्रीसमध्ये हात घालण्यात रस नव्हता. रस निघाला सुनेला.

तनुजा पुण्यातल्या एका संस्थेत हिमनद्यांचा अभ्यास करायची. एका रविवारी भाकरी थापता थापता बाईंनी तिला विचारलं, की तिचं काम नेमकं कुठं अडलंय.

"आई, हिमनदी जागेवर बसलेली नसते, हळूहळू सरकत असते," तनुजा म्हणाली. "उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, ते पाणी भेगांतून खाली खडकापर्यंत जातं. तिथं दाब वाढला की अख्खी हिमनदी जराशी उचलली जाते आणि घसरते. आता उन्हाळे तापायला लागलेत, पाणी वाढतंय. मग ती जास्त पळणार का, हे मला बघायचंय. त्यासाठी तळापर्यंत भोक पाडून दाब मोजायला हवा."

"मग पाड की."

"शंभर मीटर बर्फ आहे. गरम पाण्याचं ड्रिल लागतं. ते बाहेरून यायला दोन वर्षं तरी जातील."

बाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "गरम पाण्यानं ट्रकचं डांबर निघतं. बर्फाचं काय घिऊन बसलीस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपच्या फोरमनला, समाधानला, बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणायला पाठवलं. लाद्या उभ्या रचल्या, सांध्यांत पाणी ओतून गोठवल्या आणि वरून पितळी नोझल सोडलं. पाणी बर्फात सुरीसारखं गेलं. बाई खूश झाल्या. पण खालच्या लादीत भोक भलत्याच बाजूनं बाहेर आलं होतं.

"हे तिकडं वर झालं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"तळ सापडलाच नसता," तनुजा म्हणाली.

बाईंचा अंदाज साफ चुकला होता. पुढचे कित्येक दिवस दोघी त्याच कामाला लागल्या. तनुजानं हिशेब करून सांगितलं, की नोझल बर्फाला टेकता कामा नये, नुसतं लोंबकळत राहायला हवं. मग बाईंनी नोझलच्या मागं लांब, जड पोलादी दांडा जोडला, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. पुढचं भोक लाद्यांमधून सरळ खाली उतरलं. मशीनचे सगळे भाग खेचराच्या पाठीवर मावतील असे सुटे केले, आणि मे महिन्यात तनुजा आणि समाधान ते घेऊन हिमाचलात लाहौलला, तिच्या हिमनदीवर गेले.

भोक पडलं, दाबमापक खाली बसवला, वेग मोजायला बर्फावर जीपीएसचे खांब उभे राहिले. जून-जुलैत अपेक्षेप्रमाणंच झालं. दुपारी पाणी वाढे, तळाचा दाब चढे आणि हिमनदीचा वेग वाढे. ऑगस्टमध्ये मात्र सगळ्यात जास्त पाणी वाहत असताना दाब उतरला आणि हिमनदी मंदावली.

पुण्यात परतल्यावर तनुजानं हे संस्थेत मांडलं. विभागप्रमुख नीरजा मॅडम शनिवार पेठेतल्या. त्यांचं कौतुकसुद्धा तक्रारीसारखं वाटायचं. त्या म्हणाल्या, "अर्थ लावता येतो. तळाशी पाण्यानं मोठे बोगदे कोरले, निचरा वाढला, म्हणून दाब उतरला. पण आपलं भोक तळापर्यंत पोचलंच नसेल, तर आपण बर्फातल्या एखाद्या खड्ड्याचा दाब मोजत बसलो होतो. एका भोकावर मी सही करणार नाही."

प्रश्न रास्त होता, म्हणूनच तनुजाला तो जास्त लागला. घरी येऊन तिनं सगळे आकडे पुन्हा तपासले. शेवटी म्हणाली, "आई, रागावू नका. ड्रिल वाकडं न जाता तळापर्यंत गेलं असेल ना?"

बाईंना राग आला, आणि तो लपलाही नाही. पण जेवणं झाल्यावर त्याच बोलल्या. "मी तिथं नव्हते, मग छातीवर हात ठेवून कसं सांगू? पुढच्या उन्हाळ्यात मी येते. दुसरं भोक माझ्या हातानं पाडते."

ऋषीनं आईचं वय काढलं. "तुझ्या ऑफिसात दोन जिने चढून दम लागतो तुला," बाई म्हणाल्या. तो विषय तिथंच संपला.

वर्षभर त्या रोज पहाटे रामटेकडी चढल्या. लाहौलला आधी खालच्या गावात मुक्काम करून मग वर गेल्या. धाप लागायची, डोकं दुखायचं. पण पंप सुरू झाला की दुखणं विसरून त्या नोझलला पाणी नेणाऱ्या होजवर हात ठेवून उभ्या राहायच्या. जड दांडा खाली लोंबतोय की कुठं टेकलाय, ते होजच्या ताणावरून कळायचं. टेकल्यासारखा वाटला की त्या समाधानला हळू सोडायला लावत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काठोकाठ भरलेल्या भोकातलं पाणी एकाएकी खाली गेलं. आतून मोठा घोट घेतल्यासारखा आवाज आला.

"काय झालं?" बाईंनी घाबरून विचारलं.

"तळ लागला," तनुजा म्हणाली. "भोक खालच्या पाण्याला जाऊन मिळालं, आई."

बाई तिथंच बर्फावर बसल्या आणि सुनेचा हातमोज्यातला हात कितीतरी वेळ धरून राहिल्या.

त्या उन्हाळ्यात दोन्ही भोकांनी एकच गोष्ट सांगितली. ऑगस्टमध्ये पाणी भरपूर, दाब कमी, वेग कमी. सप्टेंबरात एका रात्री अवेळी मुसळधार पाऊस झाला, तेव्हा पाणी घटल्यानं आकसू लागलेल्या बोगद्यांना ते पाणी पेलवलं नाही. दाब उसळला आणि हिमनदी पुन्हा धावली. पाणी किती यावर सगळं ठरत नाही, ते किती अचानक येतं हेही बघावं लागतं, हे तनुजानं दाखवून दिलं. तापत्या हवेत असे अवेळी पाऊस वाढले, तर खालच्या गावांना याचा विचार करावाच लागणार होता.

संस्थेच्या सभागृहात तिनं हे मांडलं त्या दिवशी बाई हिरवी नऊवारी नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नीरजा मॅडमनी सगळे आलेख पाहिले आणि म्हणाल्या, "आता माझ्याकडं आक्षेप शिल्लक नाही. तो नसण्याची मला सवय नाही." सभागृह हसलं. मग एका विद्यार्थ्यानं विचारलं, भोक इतकं सरळ कसं गेलं?

"ते ज्यांनी पाडलं त्या इथंच आहेत," तनुजा म्हणाली. "माझ्या सासूबाई. त्याच सांगतील."

बाई उभ्या राहिल्या. पदर सावरला, एकदा सुनेकडं पाहिलं. "हडपसरला आमचं वर्कशॉप हाय," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढं दांड्याचं वजन, नोझलचं तोंड, लाद्यांमधलं ते वाकडं भोक, सगळं न अडखळता सांगितलं. सुरुवातीला आपलं चुकलं होतं, हेही सांगितलं. नीरजा मॅडम ते उतरवून घेत होत्या.

संध्याकाळी मगरपट्ट्याच्या पुढं गाड्या तुंबल्या होत्या. रिक्षात बसल्या बसल्या बाईंनी समाधानला फोन लावला. संस्थेला सिक्कीमच्या हिमनदीसाठी आणखी एक ड्रिल हवं होतं, तिथं बर्फ दुप्पट जाड होता. "पितळ उद्याच मागव," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, मशीनवर नाव घालायचंय. माझं आणि तनुजाचं, दोघींचं." शेजारी तनुजा खिडकीबाहेर बघत हसत होती.