पावाच्या माथी केकचं बिल

मित्रांनो, मी एक जुनी भट्टी आहे. पावाची. स्वभावाने तशी चांगली आहे, पण माझ्यासमोर केकचं नाव काढू नका.

एका गवंड्याने मला विटामातीने बांधलं. बांधून झाल्यावर आत डोकं घालून तो म्हणाला, "घुमटाला तडा गेला तर माझं नाव बदला." तडा गेला, पण तोवर गवंडीही कुठेतरी गेला होता. मालकांनी तडा लिंपला आणि माझा संसार सुरू झाला. रस्ता जागा व्हायच्या आत माझ्या पोटातून पाव बाहेर पडत. शाळेच्या डब्यांत, दवाखान्याच्या ट्रेमध्ये, कारखान्याच्या फाटकापाशी, सगळीकडे माझीच लेकरं. येणारे-जाणारे दारात थांबून नुसता वास घेत आणि "वा" म्हणत. त्या "वा"वर मी वाढले.

मग मालकांची सून घरात आली, आणि तिच्या पाठोपाठ दुकानात केक आला. केकसाठी काचेची गार शोकेस आली. माझी धाकटी जाऊच म्हणा. तिच्या पोटात दिवे काय, फिरती तबकडी काय. मी घामाघूम होऊन शेकड्यांनी पाव काढायचे, आणि गिऱ्हाईक तिच्या काचेला नाक लावून उभं. तिला रोज मऊ फडक्याने पुसत. मला वर्षातून एकदा केरसुणीने. दुकान बंद झालं की ती एकटीच गुणगुणत बसे. विजेवर गाणाऱ्यांचं मला कधीच कौतुक नव्हतं.

पण खरा डंख पुढेच होता. धंदा वाढवण्यासाठी मालकांनी दोन गुंतवणूकदारांना बोलावलं. त्यांना दाखवायचा हिशेब मालकांनी स्वतः मांडला. भाडं, वीज, पगार, सगळा खर्च एकत्र करायचा आणि बनलेल्या एकूण नगांवर सारखा वाटायचा. पाव एक नग, केकही एक नग. आता पाव शेकड्यांनी आणि केक मूठभर, त्यामुळे जवळजवळ सगळा खर्च पावाच्या माथी बसला. केक नफ्यात, पाव तोट्यात. त्यावरून मालकांचा बेत ठरला: भट्टी पाडायची आणि तिथे दुसरी शोकेस मांडायची. म्हणजे जावेच्या गारव्याचं बिल मी भरायचं, आणि वर घराबाहेर मीच.

सूनबाईंनी बैठकीच्या आदल्या दिवशी वेगळाच हिशेब पुढे ठेवला. जो खर्च ज्याच्यामुळे होतो, तो त्याच्याच नावावर. शोकेसची वीज केकवर. सजावटीत जाणारा कारागिराचा अर्धा दिवस, तोही केकवर.

"अगं, असं मांडलं तर तुझाच केक तोट्यात जातो," मालक म्हणाले.

"तो आहेच तोट्यात, बाबा. त्याचं बिल पाव भरतोय, म्हणून कळत नाही."

"पाव कधी कुरकुरला का? ती माणसं पैसे द्यायला येतायत, तपासणीला नाही. गोड आहे ते दाखव."

"आज गोड दाखवू, आणि पैसे बुडाले की तीच माणसं कडू तोंडं घेऊन दारात येतील. तेव्हा आपल्याकडे पावही नसेल."

मालक उठले. मग म्हणाले, "तूच बोल मग. मी चहाचं बघतो."

बैठक माझ्यासमोरच भरली, कारण चार खुर्च्या मावतील अशी तेवढीच जागा. सूनबाईंनी दोन्ही हिशेब पिठाच्या कोठीच्या दारावर शेजारीशेजारी चिकटवले आणि आपण दुसरा का धरला, ते सांगितलं.

"म्हणजे तुमचा स्वतःचा केक तोट्यात आहे, हे तुम्ही आपण होऊन सांगताय?" गुंतवणूकदार बाईंनी विचारलं.

"आजच्या भावाला विकला तर. भाव वाढवला तर नाही. पाव मात्र आजही कमावतोय."

बाईंच्या जोडीदाराचा चमचा हवेतच थांबला. "मग हा केक खाऊ की नको?"

"खा निवांत. पावाच्या नावावर नाही लावलेला."

मी शोकेसकडे पाहिलं. तबकडी फिरत होती, पण मला वाटलं, जरा हळू. मित्रांनो, पहिला पाव भाजतानाही मला इतका आनंद झाला नव्हता.

बाई उठल्या. "ठरलं. आम्ही पावावर पैसे लावतो. चौपट पाव करा." मग त्यांनी माझ्यावरून नजर फिरवली. "पण एवढ्या पावाला ही म्हातारी पुरणार नाही. नवी भट्टी घ्या."

नवी आली. पोलादी, चाकांची, बटणावर चालणारी. तिला पाहिल्यापासून शोकेस मला सख्ख्या बहिणीसारखी वाटते. माझं मोल ज्या दिवशी सगळ्यांना पटलं, त्याच दिवशी माझा विस्तव कायमचा विझायचं ठरलं. मालकांना मला पाडवेना, म्हणून आता माझ्या पोटात केकची रिकामी खोकी असतात. या जागेचं भाडं सूनबाई केकवर लावतात. तेवढाच दिलासा.

मित्रांनो, जे निमूट राबतं, त्याची विचारपूस ते राबत असतानाच करा. विझल्यावर केलेलं कौतुक फार गार लागतं. आणि कधी इकडे आलात, तर माझ्या तोंडावरची जळमटं तेवढी काढा. नवी बघत असताना काढलीत, तर फारच बरं.