सगळ्यांच्या आधी

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत जिन्याखाली मंडळाचं सामान असतं. तिथे घडी करून उभी ठेवलेली जुनी व्हीलचेअर म्हणजे मी. माझ्या पाठीवर लाल रंगात ‘कै. शिवा परब यांच्या स्मरणार्थ’ असं लिहिलंय. पोराच्या शेवटच्या आजारपणात खुर्चीसाठी दारोदार फिरावं लागलं, ते त्याच्या आईच्या मनाला लागलं होतं. म्हणून तिने मला मंडळाला दिलं. तेव्हा मी अशी चकचकीत होते की मुलं माझ्या दांडीत आपलं तोंड बघायची.

मला सांभाळतात शामराव. मंडळाची रीत अशी, की खुर्ची मागायला आलेल्याला काय झालंय ते विचारायचं नाही. दुखणं चारचौघांत सांगायला माणसाला जड जातं. शामराव कुलूप काढतात, मला पुसतात आणि हवाली करतात. मी परळच्या इस्पितळांच्या किती फेऱ्या केल्या असतील, देव जाणे. मतदानाला म्हातारी माणसं नेली, पाय मोडलेल्या एका नवऱ्या मुलाला बोहल्यापर्यंत नेलं. ‘या खुर्चीचे उपकार आहेत’ असं लोक म्हणायचे, तेव्हा खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

मग एके दिवशी तिसऱ्या मजल्यावरचा हर्षवर्धन आला. घरची सगळी माणसं विमानाने दिल्लीला लग्नाला निघाली होती. त्याची आई, सुचित्राकाकू, हातात पिशव्या घेऊन बाजारातून येते आणि तीन जिने न थांबता चढते. तिच्यासाठी खुर्ची? शामरावांच्या कपाळाला आठी पडली, पण रीत ती रीत. त्यांनी मला दिलं.

“माझ्या पायांक काय धाड भरली हा?” विमानतळावर टॅक्सीतून उतरल्यावर काकूने विचारलं.

“अगं आई, नुसतं बसायचंय,” हर्षवर्धन म्हणाला. “लाइन नाय, टेन्शन नाय, आपण सगळे आधी आत. सगळेच करतात.”

सगळेच करत होते, हे मात्र खरं. गेटपाशी खुर्च्यांची ही रांग लागली होती, आणि बसलेल्यांपैकी कितीतरी जण मध्येच उठून चहा घेऊन येत होते. आमच्या मागे, रांगेच्या शेवटी, एक तरुण मुलगी तिच्या स्वतःच्या खुर्चीत होती. ऋता तिचं नाव. फणसवाडीची. अपघातात तिच्या कमरेखालची ताकद गेली होती. दिल्लीत नोकरी लागली, म्हणून इतक्या काळानंतर ती पहिल्यांदा एवढ्या लांब निघाली होती. सोबत वडील, रामदास.

“बाबा, उचलताना कोणी बघणार नाही ना?” तिने हळूच विचारलं.

“आपल्याला सगळ्यांच्या आधी बसवतात. विमान रिकामं असतं,” रामदास म्हणाले. “मी बोलून ठेवलंय.”

विमानातली वाट अरुंद. तिथे आमच्यासारख्या रुंद खुर्च्या जात नाहीत. ज्यांना पाऊलही टाकता येत नाही, त्यांच्यासाठी एक चिंचोळी खुर्ची असते. त्या दिवशी ती एकच होती. हर्षवर्धनने ठोकून दिलं, “आईला अजिबात चालता येत नाही.” झालं. मदतनिसांनी काकूला चिंचोळ्या खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले, सावकाश आत नेलं. मागोमाग घरची सगळी वरात. रांगेतल्या बाकीच्यांनाही एकेक करून दारापर्यंत आणून सोडलं. तोवर उशीर झाला आणि उरलेल्या प्रवाशांनाही आत सोडलं.

मला विमानाच्या दाराशी टेकवून ठेवलं होतं. ऋताला आणलं तेव्हा आतली वाट माणसांनी आणि बॅगांनी भरून गेली होती. चिंचोळी खुर्ची थोडी पुढे गेली आणि अडकली. तेवढ्यात पुढच्या सीटवरून काकू उठली, आपली पिशवी उचलली आणि टाचा उंचावून वरच्या कप्प्यात ठेवली. घरात फळीवर डबा ठेवतात ना, तशी. ऋताने ते पाहिलं.

शेवटी रामदासांनी पोरीला पाठीवर घेतलं. त्यांचं वय झालेलं. ते धापा टाकत, “जरा सरका, जरा सरका” म्हणत पुढे गेले. तिचा कुर्ता वर सरकला. तो खाली ओढायला हात मोकळा नव्हता. माणसं मागे वळून बघत होती. तिने वडिलांच्या खांद्यात तोंड खुपसलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण आम्हाला कोणी ढकलल्याशिवाय हलता येत नाही.

दिल्लीला मला विमानाच्या पोटातून काढून पुन्हा दाराशी आणलं. “आई, चल पटकन,” हर्षवर्धन सांगत होता. “आता खुर्ची नको, उगाच वेळ जाईल.”

काकू जागची हलली नाही. सगळं विमान रिकामं झालं. ऋताला दाराशी आणल्यावर ती तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

“बाय, चुकलंय मी,” ती म्हणाली. “माका चालूक येता.”

“बसायला जागा मिळाली मला, मावशी,” ऋता म्हणाली. “फक्त कोणी बघायला नको होतं.”

काकूचे डोळे भरले. ती मला रिकामीच ढकलत त्या लांबलचक वाटेने निघाली.

“आई, निदान बस तरी. लोक बघतायत.”

“बघूंदे.”

आता मी जिन्याखाली आहे. चाकांना गंज चढतोय, रबर निघालंय. कोणी तेल घातलं तर उपकार होतील. पण मित्रांनो, माझं खरं मागणं वेगळं आहे. पाय धड असताना माझ्यात बसू नका. मला नाही म्हणता येत नाही, बसेल त्याला मी घेऊन जाते. काकूने नंतर मला ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसलं, जणू माझ्यावरच काही लागलं होतं. ऋताला मात्र त्या दिवशी सगळ्या विमानाने पाहिलं, आणि ते कशानेच पुसलं जात नाही.